वाद्य वाजलं की कुत्रा का ओरडतो, आणि कधी गप्प का बसतो

आज आपण कुत्रे आणि वाद्यं या विषयावर बोलणार आहोत. ऐकायला गमतीचा वाटतो, पण गणपतीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत याच विषयावरून घराघरात आणि गल्लीगल्लीत प्रश्न उभे राहतात. मुलगी पेटी काढून बसली की घरातला कुत्रा मान वर करून हेल काढतो. देवळात नादस्वर सुरू झालं की कोपऱ्यावरचे दोन-तीन कुत्रे एकदम सुरू होतात. मग कुणी म्हणतं, त्याच्या कानाला त्रास होतोय, पेटी बंद करा. कुणी म्हणतं, कुत्रं रडतंय, काहीतरी अशुभ आहे, हाकला त्याला. आणि तिसरा हौशी माणूस म्हणतो, अहो, त्याला गाणं आवडतं, मोबाईलवर घ्या.

आमच्या जयनगरात या तिन्ही प्रकारची माणसं भेटतात. इथे एका रस्त्यावर वीणेचा क्लास, पुढच्या क्रॉसवर मृदंगाचा, रामनवमीला मांडवात कचेरी, गणपतीला मिरवणूक, आणि प्रत्येक कोपऱ्यावर आपापली हद्द सांभाळणारे कुत्रे. २०२३ च्या मोजणीत बेंगळुरूत भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे २ लाख ७९ हजार निघाली होती. म्हणजे हा काही चार हौशी लोकांच्या घरापुरता प्रश्न नाही.

फौजेत एक सवय लागते. आधी नीट बघायचं, मग निष्कर्ष काढायचा. त्याच क्रमाने जाऊ. आणि आज मला सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. वाद्य ऐकून जो कुत्रा हेल काढतो, तो बहुतेक वेळा दुःखात नसतो. जो खरा दुःखात असतो, तो बहुधा गप्प असतो. आपण मात्र पहिल्याला दगड मारतो आणि दुसऱ्याकडे आपलं लक्षही जात नाही.

मिरजेचा टिपू

सुरुवात आपल्या मिरजेपासून करू. संगीतरत्न अब्दुल करीम खाँसाहेब हे नाव मराठी माणसाला सांगायला नको. जन्म उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचा, १८७२ चा. कर्मभूमी मात्र पुणे, मिरज, धारवाड-हुबळीचा पट्टा आणि म्हैसूरचा दरबार. सवाई गंधर्वांचे ते गुरू. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना ते गेले आणि त्यांना मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. आजही तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायन होतं.

या खाँसाहेबांकडे टिपू नावाचा कुत्रा होता. लाडाने त्याला टिपूमियाँ म्हणत. खाँसाहेबांनी त्याला सुरात सूर मिळवायला शिकवलं होतं आणि तो त्यांच्या बरोबरीने सूर लावी, ही गोष्ट गाणाऱ्या-बजावणाऱ्यांच्या मंडळींत अजून सांगितली जाते.

आता ही गोष्ट नुसती गंमत म्हणून सोडून देऊ नका. खाँसाहेब म्हणजे सुराच्या बाबतीत अतिशय काटेकोर माणूस. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स हे २२ श्रुतींचा अभ्यास करत होते, तेव्हा श्रुती प्रत्यक्ष गाऊन दाखवण्यासाठी त्यांना खाँसाहेबांचाच गळा उपयोगी पडला. अशा माणसाने कुत्र्याच्या आवाजात काहीतरी ऐकलं आणि त्यावर मेहनत घेतली. त्यांनी कुत्र्याच्या ओरडण्याला रडणं मानलं नाही, हे महत्त्वाचं.

टिपूने नेमका या गायकालाच प्रतिसाद का दिला असावा? माझा तर्क असा. किराणा घराण्याची गायकी स्वराला धरून चालते. एकेक स्वर लांबवायचा, शेजारच्या स्वराकडे मींडेने सरकायचं, घाई करायची नाही. खाँसाहेबांची पट्टीही उंच. लांब, उंच, अखंड आणि हळूहळू सरकणारा सूर. आता पुढे बघा, कुत्र्याच्या रक्तात जी हाक आहे, तिचं वर्णनही जवळजवळ असंच करावं लागतं.

कुत्र्याला काय ऐकू येतं

त्याआधी कानांकडे वळू. तरुण, निरोगी माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक आणि उंच. कुत्र्याची मर्यादा प्रयोगांत सुमारे ६७ ते ४५,००० हर्ट्झ अशी निघाली आहे. म्हणजे खालच्या, खर्जाच्या बाजूला कुत्रा आपल्यापेक्षा वरचढ नाही, उलट थोडा मागेच आहे. वरच्या बाजूला मात्र तो आपल्या दुपटीहून पुढे जातो.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७६ साली माणसाला ऐकू न येणारी आणि कुत्र्याला ऐकू येणारी शिट्टी केली. आजच्या कुत्र्यांच्या शिट्ट्या तिच्याच वंशातल्या. बीटल्सनी १९६७ च्या आपल्या सार्जंट पेपर्स या गाजलेल्या अल्बमच्या शेवटी सुमारे १५,००० हर्ट्झचा एक बारीक सूर मुद्दाम घातला होता, घराघरातल्या कुत्र्यांनी कान टवकारावेत म्हणून. माझ्या वयाच्या बहुतेकांना तो सूर ऐकू येणार नाही. वयाबरोबर आपला वरचा भाग आधी जातो.

आता हे आपल्या वाद्यांना लावून बघा. ढोलाचा घुमारा खालचा असतो. तो कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येतो असं नाही. पण ताशाची कडकड, झांजेचा छणत्कार, आरतीतली टाळ-घंटा ही सगळी वरच्या पट्टीची मंडळी. झांजेच्या आवाजात २०,००० हर्ट्झच्याही वर बरीच ऊर्जा असते, हे मोजून दाखवलेलं आहे. म्हणजे झांज वाजली की आपल्याला जेवढी ऐकू येते त्यावर आणखी एक मजला कुत्र्याला ऐकू येतो. एकाच मांडवात बसून आपण आणि कुत्रा वेगवेगळी झांज ऐकत असतो.

एक चित्र आठवा. जुन्या एचएमव्हीच्या रेकॉर्डवर कर्ण्यासमोर बसलेला, मान तिरकी केलेला कुत्रा. त्याचं नाव निपर. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने त्याला रंगवलं आणि १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने ते चित्र विकत घेतलं. त्या चित्रातलं निरीक्षण चांगलं आहे. नवा आवाज आला की कुत्रा आधी कान उभे करतो, मान एका बाजूला झुकवतो, आवाज कुठून येतोय याचा अंदाज घेतो. यात भीती नाही, आनंदही नाही. ही नुसती चौकशी आहे. बहुतेक वाद्यांना बहुतेक कुत्र्यांचा प्रतिसाद एवढाच असतो. दोन मिनिटांनी तो पुन्हा पायावर डोकं ठेवून झोपतो.

हेल म्हणजे रडणं नव्हे

आता हेल काढण्याकडे येऊ. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. लांडगे एकमेकांपासून दूर गेले की लांब हाक देतात. मी इथे आहे, तुम्ही कुठे आहात, एवढाच तिचा अर्थ. एकाने दिली की बाकीचे साथ देतात. या हाकेचा मूळ सूर साधारण १५० ते ७८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, तो काही सेकंद टिकतो आणि हळूहळू वर-खाली सरकतो.

आता आपली पेटी घ्या. काळी एकच्या पट्टीत मध्य सप्तकातला सा सुमारे २७७ हर्ट्झ, तार सप्तकाचा सा ५५४. म्हणजे आपण ज्या सप्तकात सर्वात जास्त वाजवतो, ते अख्खं सप्तक लांडग्याच्या हाकेच्या पट्ट्यात बसतं. बासरी, सनई, नादस्वर, क्लॅरिनेट, माउथ ऑर्गन, व्हायोलिन, बिगुल ही सगळी वाद्यं सूर लांबवतात आणि त्यांचं बरंचसं वादन याच टापूत चालतं. म्हणून कुत्रे यांना उत्तर देतात. रुग्णवाहिकेच्या भोंग्याला उत्तर देतात तेही याच कारणाने. तबला किंवा मृदंग ऐकून हेल काढणारा कुत्रा सहसा भेटणार नाही, कारण तिथे धरून ठेवलेला सूरच नाही. ठोका येतो आणि विरतो.

हंगेरीत बुडापेस्टच्या एओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक सुंदर काम केलं. ते २०२३ साली प्रसिद्ध झालं. वेगवेगळ्या जातींच्या ६८ पाळीव कुत्र्यांना त्यांनी लांडग्यांच्या हाकेचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. लांडग्याला वंशाने जवळ असलेल्या जुन्या जातींचे कुत्रे, विशेषतः त्यांतले वयस्कर, हेल काढून उत्तर देत होते. नव्या जातींचे कुत्रे त्याऐवजी भुंकण्याकडे वळत होते. म्हणजे ही हाक रक्तात आहे, पण सगळ्यांच्यात सारखी उरलेली नाही. शेजाऱ्याचा कुत्रा पेटीला साथ देतो आणि तुमचा देत नाही, तर तुमच्या वाजवण्यात खोट आहे असं समजू नका.

मग तो सुरात गातो का? लांडग्यांच्या एकत्र हाका ऐकणाऱ्यांनी एक गोष्ट टिपली आहे. दोन लांडगे एकाच सुरावर आले तर एक जण बाजूला सरकतो आणि वेगळा सूर धरतो. त्यामुळे चार लांडगे असले तरी दहा असल्यासारखे वाटतात. घरचा कुत्राही पुष्कळदा असाच आपल्या सुराच्या शेजारून जातो. टिपूला मिळवून लावायला शिकवलं असेल, तर ती खाँसाहेबांची आणि त्याची, दोघांचीही मेहनत म्हणायची.

दगड कुणाला पडतो

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे कुत्रं रडलं की अशुभ असं पिढ्यान्पिढ्या मानतात. रात्री कुत्र्याने हेल काढला की कुणीतरी आतून हाड् म्हणतं, काठी आपटतं, नाहीतर दगड उचलतं. देवळाबाहेरचा कुत्रा सनईला किंवा नादस्वराला साथ द्यायला लागला की त्याच्या पेकाटात लाथ बसते. तो बिचारा फक्त लांबच्या हाकेला ओ देत असतो.

आणि हे आपल्याच परंपरेला धरून नाही. जेजुरीच्या खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानतात. हातात दिमडी, जोडीला तुणतुणं, आणि परंपरेत कुत्र्यासारखं भुंकून दाखवणंही आलं. इथे कर्नाटकात खंडोबाचाच भाऊबंद मैलारलिंग आहे आणि त्याचे गोरव डमरू आणि बासरी वाजवत फिरतात. त्यांच्यातही कुत्र्याचं सोंग घेण्याची रीत आहे. म्हणजे ज्या देवाचा भक्त वाद्य हातात घेऊन अभिमानाने कुत्रा होतो, त्याच देवाच्या दारात वाद्य ऐकून बोलणाऱ्या खऱ्या कुत्र्याला आपण हाकलतो.

मग तो साथ देतोय की त्याला त्रास होतोय, हे ओळखायचं कसं? आवाजावर जाऊ नका, अंगाकडे बघा. साथ देणाऱ्या कुत्र्याचं अंग सैल असतं. मान वर, डोळे अर्धे मिटलेले, शेपूट सहज. दोन हेलांच्या मध्ये तो थांबून ऐकतो. वाद्य थांबलं की तोही थांबतो आणि तुमच्याकडे बघतो. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे दार उघडं ठेवा. साथ देणारा जवळ येऊन बसतो किंवा आहे तिथेच राहतो. त्रास होणारा उठून निघून जातो. जायला जागाच नसेल, बांधलेला असेल, तर ही परीक्षा होत नाही. म्हणून वाद्याजवळ कुत्र्याला कधी बांधून ठेवू नका.

गप्प बसलेला कुत्रा

आता दुसऱ्या बाजूकडे. घाबरलेला कुत्रा काय करतो? शेपूट पायात घेतो. कान मागे पाडतो. खायचं नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो. गरमी नसताना धापा टाकतो, थरथरतो. पलंगाखाली, न्हाणीघरात, गाडीखाली जाऊन बसतो. समोर आवडीचा खाऊ ठेवला तरी तोंड लावत नाही. यातल्या एकाही गोष्टीला आवाज नाही. मिरवणूक दारावरून गेली आणि कुत्रा भुंकला नाही, तर आपण म्हणतो, आमचा शहाणा आहे, काही करत नाही. तो काही करत नाही, कारण तो गोठून गेलेला असतो.

आपल्याला हे दिसत नाही, याचा पुरावाही आहे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मालकांना विचारलं की तुमचा कुत्रा आवाजांना घाबरतो का, तर साधारण एक चतुर्थांश मालक हो म्हणाले. पण आवाज झाला की तो काय काय करतो, असं विचारल्यावर जवळजवळ निम्म्या मालकांनी भीतीचं निदान एक तरी लक्षण सांगितलं. म्हणजे लक्षण डोळ्यांना दिसत होतं, पण त्याला भीती म्हणतात हे मालकांना ठाऊक नव्हतं. २०२१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्राने घरातल्या आवाजांबद्दल असंच काम केलं. ३८६ मालकांना प्रश्न विचारले आणि लोकांनी टाकलेले ६२ व्हिडिओ तपासले. कुत्रा अस्वस्थ असताना बऱ्याच व्हिडिओंत मालक काळजी करण्याऐवजी हसत होते. आणि बारीक, उंच, थांबून थांबून येणाऱ्या आवाजांचा त्रास एकसारख्या खालच्या आवाजापेक्षा जास्त होतो, असंही त्यांना दिसलं.

आपल्या मिरवणुकीला हे लावून पाहा. ताशा बारीक आणि उंच. झांज त्याहून उंच. ढोल अचानक. वरून फटाके. आणि हे सगळं अरुंद रस्त्यात, दोन्ही बाजूंना इमारती, म्हणजे आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि कुठून येतोय ते कळत नाही. कुत्र्याला आवाजाची दिशा कळली नाही की पळायचं कुठे हेही कळत नाही. भीती तिथून वाढते. भटका कुत्रा रस्त्यावर धावत सुटतो, गाडीखाली येतो किंवा समोर आलेल्या पोराला चावतो. मग पेपरात येतं, कुत्रा पिसाळला.

बँडसमोर चालणारे कुत्रे

इथे कुणी म्हणेल की फौजेतले कुत्रे तर बँडच्या आवाजात शिस्तीत चालतात. बरोबर आहे. २६ जानेवारी २०१६ ला राजपथावर २६ वर्षांनंतर पहिल्यांदा सैन्याच्या श्वानपथकाने संचलन केलं. २४ लॅब्राडोर आणि १२ जर्मन शेफर्ड, असे ३६ कुत्रे आपापल्या हँडलरबरोबर चालत होते. पितळी वाद्यं, ड्रम, हजारो लोकांच्या टाळ्या, वरून विमानं. एकही कुत्रा बावरला नाही.

पण हे जन्मजात धैर्य नाही. सैन्याच्या कुत्र्यांचं शिक्षण मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात होतं. त्यामागचं तत्त्व कुठल्याही घरात वापरता येतं. आवाज आधी लांबून, हळू, थोडा वेळ. कुत्रा शांत असताना खाऊ किंवा खेळ. मग थोडं जवळ. अस्वस्थता दिसली की एक पायरी मागे. घाई केली की सगळं काम पाण्यात जातं. आणि कोवळ्या वयात सुरुवात झाली तर उत्तम. पिल्लू साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांचं असताना जगातल्या गोष्टी त्याला ओळखीच्या होऊन जातात. त्या वयात ज्याने सनई, ताशा, मिक्सर आणि प्रेशर कुकर हे सगळं आईच्या कुशीजवळून ऐकलं, त्याला पुढे त्रास कमी.

यामागचं शास्त्र जुनं आहे. रशियात पावलॉव्हने कुत्र्यांवर जे प्रयोग केले, त्यांत त्याने मेट्रोनोमही वापरला होता. मेट्रोनोम म्हणजे वाजवणाऱ्याला लय दाखवणारं, टकटक करणारं यंत्र. टकटक झाली की खाणं मिळतं, हे कळल्यावर नुसत्या टकटकीने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. म्हणजे वाद्य स्वतः चांगलं किंवा वाईट नसतं. त्याच्या पाठोपाठ काय येतं, ते कुत्रा लक्षात ठेवतो. पेटी काढली की घरातले सगळे तासभर एका जागी बसतात आणि कुणीतरी पाठीवर हात फिरवतं, असा अनुभव असेल तर कुत्रा पेटीची पिशवी बघूनच शेपूट हलवील. ढोल वाजला की पाठोपाठ फटाका फुटतो, असा अनुभव असेल तर लांबवरच्या ढोलानेही तो थरथरेल. त्याची भीती ढोलाची नसते, ढोलानंतर येणाऱ्या फटाक्याची असते.

संगीताने कुत्रा शांत होतो का

हा प्रश्नही नेहमी येतो. यावर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातला २००२ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. आश्रयगृहातल्या कुत्र्यांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकवलं तेव्हा ते जास्त वेळ आडवे पडून शांत राहिले. हेवी मेटल ऐकवलं तेव्हा जास्त भुंकले. साध्या पॉप गाण्यांचा विशेष फरक पडला नाही. २०१२ साली अमेरिकेत कोलोराडोमध्ये ११७ कुत्र्यांवर झालेल्या कामात शास्त्रीय संगीताने झोप वाढली आणि हेवी मेटलने थरथर वाढली.

पण ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडच्या प्राणिरक्षक संस्थेने मिळून केलेल्या कामातून एक व्यवहारी गोष्ट कळली. पहिल्या दिवशी शांत करणारं संगीत आठवड्याभरात निष्प्रभ होतं. कुत्र्याला त्याची सवय होते. म्हणून पुढच्या अभ्यासात त्यांनी रोज प्रकार बदलला. म्हणजे एकच रेकॉर्ड दिवसभर लावून ऑफिसला गेलात, तर चौथ्या-पाचव्या दिवशी ती कुत्र्याच्या लेखी पंख्याच्या आवाजासारखी होणार. आपल्या रागसंगीतात विविधतेला तोटा नाही. संथ लयीतली वीणा, बासरीचा आलाप, सरोद, आळीपाळीने लावा. आवाज लहान ठेवा. आपल्या कानाला पुरेसा असेल, तर त्याच्या कानाला तो भरपूर असतो.

मग करायचं काय

घरात रियाज असेल तर कुत्रा बाहेर पडू शकेल असं दार नेहमी उघडं ठेवा. सुरुवात दुसऱ्या खोलीतून करा. तो हेल काढत असेल आणि अंग सैल असेल, तर रियाज बंद करायचं कारण नाही. त्याला ओरडूही नका. तुमच्या ओरडण्यालाही तो साथच समजतो आणि आणखी जोर लावतो. शेजाऱ्यांना त्रास नको असेल तर त्या वेळी त्याला चघळायला हाड द्या. हाड तोंडात असताना हेल काढता येत नाही.

दारावरून मिरवणूक जाणार असेल तर संध्याकाळचं फिरणं आधीच आटपा. घरातली सगळ्यात आतली खोली निवडा, खिडक्या लावा, पंखा चालू ठेवा, त्याचं अंथरूण तिथे टाका. तो पलंगाखाली जात असेल तर ओढून काढू नका. जवळ बसून राहिलात तरी चालेल. माया केल्याने भीती वाढते हा समज निराधार आहे. गळ्यातला पट्टा आणि त्यावरचा फोन नंबर तेवढा तपासून ठेवा, कारण कुत्रे हरवतात ते बहुधा अशाच रात्री. दरवर्षी थरथर वाढतच असेल तर पशुवैद्याला गणपतीच्या महिनाभर आधी भेटा, आदल्या दिवशी नको.

गल्लीसाठीही एक-दोन गोष्टी करता येतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. भिंतींच्या अरुंद रस्त्यात तेवढा उतरत नाही. म्हणून पथकाने थांबून वाजवायचं ते चौकात किंवा मैदानाजवळ वाजवावं, बोळात नको. ज्या कोपऱ्यावर कुत्रीची पिल्लं आहेत तिथून सरळ पुढे जावं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांना बंदी. हे नियम माणसांसाठी केलेत, पण पाळले तर कुत्र्यांचंही भलं होतं. मंडळाच्या बैठकीत हा विषय काढायला एक माणूस पुरतो. तो तुम्ही व्हा.

आणि देवळाबाहेरचा एखादा कुत्रा नादस्वर ऐकून मान वर करून सूर लावू लागला, आणि शेजारच्या माणसाने काठी उचलली, तर त्याला थांबवा. त्याला मिरजेच्या टिपूची गोष्ट सांगा. मग जरा इकडेतिकडे बघा. एखादा कुत्रा गाडीखाली शेपूट पायात घेऊन गप्प बसलेला असेल. मदतीची गरज त्याला आहे. फार काही करावं लागत नाही. त्याच्या आणि वाजणाऱ्या वाद्यांच्या मधली गर्दी थोडी बाजूला करा आणि त्याला निघून जायला वाट द्या.

आजच्यापुरतं एवढंच. पुन्हा भेटू पुढच्या भागात. जय हिंद.